नार्निया वाचून होतंय, आता मुलांना कोणतं रूपांतर दाखवू? आणि पुढे कोणती मालिका?

पानापानांत

नमस्कार मंडळी,

घरात आठ वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा आहे. रोज रात्री झोपायच्या आधी मी मोठ्याने वाचते आणि दोघं ऐकतात. सध्या सी. एस. लुईस यांची नार्निया मालिका चालू आहे. 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब', 'प्रिन्स कॅस्पियन' आणि 'द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर' अशी तीन पुस्तकं झाली, 'द सिल्व्हर चेअर' नुकतंच हातात घेतलंय. आता दोघांनीही सिनेमा बघायचा धोशा लावलाय.

मी यातलं काहीच पाहिलेलं नाही. २००५पासून आलेले मोठे चित्रपट आहेत आणि त्याआधीची बीबीसीची मालिका आहे, एवढं ठाऊक आहे. कुठून सुरुवात करावी? तीनही चित्रपट बघण्यासारखे आहेत का? मुलगी लवकर घाबरते, तिच्यासाठी काही सांभाळावं लागेल का? आणि एक धाकधूक अशी की, पडद्यावरचा अस्लान (नार्नियाचा बोलणारा सिंह) एकदा पाहिला की त्यांच्या मनात तयार झालेला अस्लान पुसला जाईल का?

या मालिकेनंतर वाचायला आणि मग बघायला आणखी काय घ्यावं, तेही सुचवा. पुढच्या पुस्तकांतलं काही फोडू नका प्लीज, मुलं कधीकधी माझ्या खांद्यावरून वाचतात.

चित्रकथी

आधी वाचलंत हे फार चांगलं केलंत. २००५चा 'लायन' बिनधास्त दाखवा. अँड्र्यू अ‍ॅडमसनने दिग्दर्शित केलेला तो चित्रपट तिन्हींमध्ये सर्वांत जमलेला आहे, आणि त्याचं कारण समजून घेतलंत तर पुढच्या दोन्हींबद्दलही तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

'लायन'च्या गोष्टीला मुळातच सरळ कणा आहे. चार भावंडं, एक चेटकीण, शंभर वर्षांचा हिवाळा, एका भावाची फितुरी, तिची किंमत आणि शेवटी लढाई. सिनेमाला हवं ते सगळं पुस्तकातच मिळतं. त्यामुळे पटकथाकारांनी जे वाढवलं ते या कण्याला धरून वाढवलं. पुस्तकात लंडनवरच्या हवाई हल्ल्यांचा उल्लेख एका वाक्यात उरकलाय. चित्रपट थेट त्या बॉम्बवर्षावातच सुरू होतो, आणि वडिलांचा फोटो आणायला एडमंड जीव धोक्यात घालून परत घरात पळतो. हा प्रसंग पुस्तकात नाही. पण त्यामुळे हा मुलगा पुढे इतका तुसडा का वागतो, हे एकाही संवादाशिवाय कळतं. असं वाढवणं मला मान्य आहे.

ल्युसी कपाटातून पहिल्यांदा बर्फात पाऊल ठेवते तो प्रसंग मुलांना नीट बघू द्या, मध्ये बोलू नका. जॉर्जी हेन्ली या छोट्या अभिनेत्रीला तो सेट आधी दाखवलाच नव्हता. डोळ्यांवर पट्टी बांधून तिला तिथे नेलं आणि कॅमेरा सुरू झाल्यावर तिने ते बर्फाळ जंगल पहिल्यांदा पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य खरं आहे. पुस्तकातल्या त्या पानावरचा श्वास रोखून धरायला लावणारा क्षण पडद्यावर आणायला याहून चांगला मार्ग मला सुचत नाही.

टिल्डा स्विंटनची चेटकीण तर अप्रतिमच. ती ओरडत नाही, डोळे वटारत नाही, शांतपणे बोलते आणि म्हणूनच भीती वाटते. तिच्या डोक्यावरच्या बर्फाच्या मुकुटाकडे मुलांना लक्ष ठेवायला सांगा. हिवाळ्याचा जोर ओसरतो तसा तो लहान होत जातो.

आता बाकीचे दोन. 'प्रिन्स कॅस्पियन' (२००८) आणि 'डॉन ट्रेडर' (२०१०) ही पुस्तकं 'लायन'सारखी नाहीत. 'कॅस्पियन'मध्ये हरवलेली श्रद्धा हळूहळू परत येते, 'डॉन ट्रेडर'मध्ये बेटामागून बेट येतं आणि प्रत्येक बेटाची स्वतंत्र कथा आहे. चित्रपट करणाऱ्यांनी या दोन्ही पुस्तकांना जबरदस्तीने 'लायन'चा साचा लावला. एक मोठं संकट, एक मोठा शत्रू, शेवटी दणदणीत लढाई. 'डॉन ट्रेडर'मध्ये तर हिरवं धुकं आणि सात तलवारी गोळा करायची मोहीम नव्याने घुसडली आहे. पुस्तकात सात सरदारांचा शोध आहे, तलवारींची मोहीम नाही. पण बेटांना एका दोरीत ओवायला पटकथेला काहीतरी हवं होतं. परिणाम असा की एकाही बेटावर निवांत थांबता येत नाही.

तुमच्या मुलांना युस्टेस ड्रॅगन होतो ते आवडलं असेलच. पुस्तकात तो स्वतः आपली कातडी ओरबाडून काढायचा प्रयत्न करतो, एक थर निघतो, खाली दुसरा, मग तिसरा. शेवटी अस्लान म्हणतो, मला काढू दे. ते खूप खोलवर दुखतं आणि मग पाण्यात उतरल्यावर बरं वाटतं. हे सगळं तो नंतर एडमंडला सांगतो, आणि सांगताना तो बदललाय हे आपल्याला जाणवतं. लहान मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत पश्चात्तापाबद्दल इतकं खरं लिहिलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. चित्रपटात युस्टेस बराच काळ ड्रॅगनच राहतो, कारण समुद्री सर्पाशी लढायला ड्रॅगन कामाला येतो. आणि कातडी निघायचा प्रसंग काही क्षणांत उरकतो. विल पोल्टरने युस्टेस इतका छान उभा केलाय की हे जास्तच लागतं.

तेव्हा माझा सल्ला असा: 'लायन' नक्की, 'डॉन ट्रेडर' शेवटासाठी (रीपिचीप या शूर उंदराचा निरोप सुंदर झालाय), 'कॅस्पियन' मुलांनी हट्ट धरला तरच.

धुकंदाट

चित्रकथी, 'लायन'बद्दल शंभर टक्के सहमत, पण 'कॅस्पियन'वर अन्याय करताय.

पुस्तकात भावंडं उजाड किल्ल्यात येतात, ट्रम्पकिन हा बुटका भेटतो आणि मग सलग चार प्रकरणं तो कॅस्पियनची हकिकत सांगत बसतो. वाचताना चालतं, पडद्यावर हे जमलं नसतं. चित्रपटाने दोन्ही धागे सरळ कालक्रमाने लावले, हे योग्यच केलं. शिवाय पीटरचा अहंकार. एका जगात राजा म्हणून मोठा झालेला माणूस दुसऱ्या जगात परत शाळकरी पोर होतो, त्याला ते कसं पचेल? पुस्तक या प्रश्नाला फारसं शिवत नाही, चित्रपट त्याला सरळ भिडतो. किल्ल्यावरचा रात्रीचा हल्ला पुस्तकात नाही, खरंय. पण तो फसतो, सैनिक दाराआड अडकून मागे राहतात आणि पीटरला त्यांना सोडून पळावं लागतं. अकरा वर्षांच्या मुलाला हे कळतं.

सुझन आणि कॅस्पियनची ती प्रेमकथा मात्र नको होती, हे कबूल.

चित्रकथी

धुकंदाट, पीटरबद्दल तुमचं म्हणणं पटतं. माझी तक्रार वेगळी आहे. 'कॅस्पियन'च्या पुस्तकाचं काळीज म्हणजे ल्युसीला अस्लान दिसतो आणि इतरांना दिसत नाही, तो भाग. तो तिला सांगतो की रात्री सगळ्यांना उठव आणि कुणी आलं नाही तरी तू माझ्यामागे ये. ती घाबरत घाबरत एकेकाला उठवते. कुरकुरत सगळे निघतात, आणि चालता चालता एकेकाला तो दिसू लागतो. आधी एडमंडला, मग पीटरला, सुझनला, सर्वांत शेवटी ट्रम्पकिनला. एकट्याला दिसलेल्या गोष्टीवर ठाम राहायचं म्हणजे काय, हे आठ वर्षांच्या मुलीला इतकं जवळून कोण सांगणार? चित्रपटात ती रात्रीची भेट स्वप्नावर भागवली आहे आणि तो प्रवास गायब आहे. त्याच्या जागी हल्ला आला. दोन तासांहून मोठ्या चित्रपटात दोन्ही बसवता आलं असतं.

रातकिडा

बीबीसीच्या मालिकेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

१९८८ ते १९९० या काळात बीबीसीने 'लायन', 'कॅस्पियन', 'डॉन ट्रेडर' आणि 'सिल्व्हर चेअर' अशी चार पुस्तकं दूरदर्शन मालिका म्हणून केली. तांत्रिकदृष्ट्या आज ती फार जुनी वाटेल. बोलणारे बीव्हर प्राणी म्हणजे पोशाख घातलेली माणसं आहेत, अस्लान यांत्रिक बाहुला आहे, आणि काही ठिकाणी चित्रीकरणात चक्क रेखाटलेले प्राणी मिसळले आहेत. मुलं पहिल्या भागात खुदुखुदू हसतील. हसू द्या. दुसऱ्या भागापर्यंत ती गोष्टीत शिरलेली असतात, कारण संवाद जवळजवळ पुस्तकातलेच आहेत आणि कुणालाही घाई नाही. 'लायन'साठी सहा भाग दिलेत.

तुम्ही 'सिल्व्हर चेअर' वाचताय म्हणून खास: त्याचे १९९०चे सहा भाग जरूर बघा. मोठ्या पडद्यावर हे पुस्तक अजून आलेलंच नाही. आणि त्यात पडलग्लमचं काम टॉम बेकरने केलंय. सतत वाईटच घडणार असं धरून चालणारा, पण ऐन वेळी सगळ्यांत खंबीर राहणारा हा प्राणी त्याने असा उभा केलाय की पुस्तक पुन्हा वाचताना मला त्याचाच आवाज ऐकू येतो. आधी वाचून संपवा मात्र.

अस्लान पुसला जाईल का, याबद्दल: लुईस यांना स्वतःला हीच भीती होती. १९५९ साली बीबीसीच्या एका निर्मात्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी नार्नियाच्या दूरचित्रवाणी रूपांतराला ठाम विरोध केला होता. बोलणारे प्राणी प्रत्यक्ष दाखवले की ते एकतर विनोदी दिसतात नाहीतर भयानक, आणि माणसाने सोंग घेतलेला अस्लान तर आपल्याला पाखंड वाटेल, असं त्यांचं म्हणणं होतं. रेखाचित्रपट ही वेगळी गोष्ट, एवढी सूट त्यांनी दिली होती. १९६३ साली ते गेले, त्यामुळे यातलं एकही रूपांतर त्यांनी पाहिलं नाही. २००५चा संगणकावर घडवलेला सिंह त्यांना पटला असता का, यावर वाद घालता येईल. मला वाटतं अस्लानला मिळालेल्या लियाम नीसनच्या आवाजाने अर्धं काम सोपं केलंय.

शब्दवेल्हाळ

पानापानांत ताई, मी मुलांचं वाचनालय चालवते, म्हणून त्या धाकधुकीबद्दल चार शब्द.

मनातलं चित्र पुसलं जातं ते पुस्तक अर्धवट असताना चित्रपट पाहिला तर. पूर्ण ऐकून, त्यावर बोलून, खेळून झालेली गोष्ट इतकी सहज पुसली जात नाही. आणि तुमच्या आवृत्तीत पॉलीन बेन्स यांची मूळ चित्रं असतील तर मुलांच्या डोक्यात कोरी पाटी नाहीच. ती चित्रं पहिल्या आवृत्तीपासून पुस्तकांसोबत आहेत. चित्रपट बघायच्या आदल्या दिवशी मुलांना टम्नस (अर्धा माणूस, अर्धा बोकड), बीव्हरांचं घर, दगडी मेज काढायला सांगा. रंगवायचा आग्रह नको. नंतर ती स्वतःहून तुलना करतात आणि बहुतेक वेळा आपलंच बरं ठरवतात.

घाबरण्याबद्दल: दगडी मेजाचा प्रसंग आधी सांगून ठेवा. तिने पुस्तक ऐकलंय, त्यामुळे पुढे काय होतं ते तिला ठाऊक आहे, हा मोठा आधार असतो. अस्लानची आयाळ कापतात, त्याला बांधतात, तो जमाव आणि त्यांचं हसणं हे चित्रपटात बराच वेळ चालतं आणि जड जातं. रक्त दाखवलेलं नाही. पुस्तकातही मुली तो नेमका क्षण बघत नाहीत, त्यांना बघवतच नाही. तुमच्या मुलीलाही तिथे तोंड फिरवायची मुभा आहे असं सांगून ठेवा. आणखी एक, शेवटच्या लढाईत चेटकिणीने अंगावर ती कापलेली आयाळ घातली आहे. चाणाक्ष मुलांच्या ते लगेच लक्षात येतं आणि काही मुलं हादरतात.

चित्रपट सुमारे १४३ मिनिटांचा आहे. दोन बैठकांत बघा. मुलं बीव्हरांच्या घरातून बाहेर पडतात तिथे थांबता येतं.

मुशाफिर

वाचनाच्या क्रमाबद्दल एक. हल्लीच्या संचांवर 'द मॅजिशियन्स नेफ्यू' पहिलं असा आकडा असतो, कारण नार्नियाच्या इतिहासात ते आधी घडतं. ते छापलं गेलं १९५५ साली, सहावं. लुईस यांनी १९५७ साली एका वाचक मुलाला लिहिलेल्या पत्रात कालक्रमाच्या बाजूने मत दिलंय, पण त्यानेही फार फरक पडत नाही असंच म्हटलंय. तुम्ही प्रकाशनाचा क्रम धरलाय तोच ठेवा. जंगलात मध्येच उभा असलेला तो दिव्याचा खांब आधी कोडं म्हणून भेटला पाहिजे.

पानापानांत

सगळ्यांचे मनापासून आभार. 'लायन' पाहिला, शब्दवेल्हाळ ताईंनी सांगितल्याप्रमाणे दोन बैठकांत.

दगडी मेजाला मुलीने माझा हात घट्ट धरला, पण तोंड फिरवलं नाही. उंदीर दोऱ्या कुरतडायला आल्यावर तिनेच दादाला सांगितलं, "बघ, म्हणून पुढे उंदीर बोलायला लागतात." हे 'कॅस्पियन'मध्ये येतं आणि तिच्या लक्षात होतं.

मुलाचा प्रश्न वेगळा होता. लढाई संपल्यावर तो म्हणाला, "पुस्तकात एवढी मोठी लढाई कुठे होती?" पुस्तक काढलं. खरंच नव्हती! अस्लान मुलींना घेऊन पोचतो तेव्हा लढाई आधीच चालू आहे, आणि ते आल्यावर काही मिनिटांत ती संपते. चेटकिणीची कांडी एडमंडने कशी तोडली, हे तर नंतर पीटर सांगतो. पडद्यावर हेच किती वेळ चालतं. मुलाला चित्रपटातली लढाई खूप आवडली, पण मग तोच म्हणाला की पुस्तकातल्या पीटरने स्वतःचं कौतुक न करता एडमंडचं सांगितलं ते जास्त चांगलं आहे. यावर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही.

नदीचा बर्फ फुटून ती वाहून जातात तो प्रसंगही आम्हाला पुस्तकात सापडला नाही.

चित्रकथी

नाहीच तो. पुस्तकात बर्फ हळूहळू वितळतो, फुलं दिसू लागतात, पाण्याचा आवाज येतो, आणि चेटकिणीची घसरगाडी चिखलात रुतते. वसंत ऋतू येणं हीच तिथली घटना आहे. चित्रपटाला तिथे थरार हवा होता.

तुमच्या मुलाने अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय. लुईस लढाईला जागा देत नाहीत, भेटींना देतात. ल्युसी आणि टम्नस, एडमंड आणि चेटकीण, बीव्हरांकडचं जेवण. चित्रपट नेमकं उलट करतो, कारण एवढ्या मोठ्या खर्चाच्या चित्रपटाला मोठी लढाई लागतेच असा निर्मात्यांचा समज असतो. पहिल्या चित्रपटाचा खर्च सुमारे १८ कोटी डॉलर होता आणि त्याने जगभरात ७४ कोटींच्या आसपास कमावले. मग 'कॅस्पियन'चा खर्च साडेबावीस कोटींवर गेला, लढाया वाढल्या, आणि कमाई सुमारे ४२ कोटींवर आली. त्यानंतर डिस्ने बाहेर पडलं आणि तिसरा चित्रपट फॉक्सकडे गेला. तिसऱ्यानंतर ही गाडी थांबलीच. तोवर मुलंही मोठी झाली होती, ते वेगळंच.

एक चांगला बदलही दाखवा त्यांना. पुस्तकात फादर ख्रिसमस मुलींना शस्त्रं देताना म्हणतो की बायका लढतात तेव्हा युद्ध कुरूप होतं. चित्रपटात तो फक्त युद्धं कुरूप असतात एवढंच म्हणतो. अर्धं वाक्य गाळलं आणि विधान जास्त खरं झालं. १९५०चं पुस्तक आजच्या मुलीपुढे ठेवताना असंच हलक्या हाताने करायला हवं.

धुकंदाट

उरलेल्या पुस्तकांचं काय, हे कुणी सांगितलं नाही. 'द हॉर्स अँड हिज बॉय', 'मॅजिशियन्स नेफ्यू' आणि 'द लास्ट बॅटल' ही तीन ना बीबीसीच्या त्या मालिकेत आहेत ना मोठ्या पडद्यावर. २०१८ साली नेटफ्लिक्सने सातही पुस्तकांचे हक्क घेतले आणि आता ग्रेटा गर्विग 'मॅजिशियन्स नेफ्यू'पासून सुरुवात करतेय. 'लिटल विमेन'मध्ये तिने बालपण आणि मोठेपण शेजारी शेजारी ठेवून जुनं पुस्तक नवं केलं होतं, त्यामुळे माझी आशा मोठी आहे.

'हॉर्स' वाचताना मात्र थोडं थांबत जा. त्यातलं कॅलोरमेन हे राज्य म्हणजे पौर्वात्य माणसांबद्दलच्या युरोपी कल्पनांचं गाठोडं आहे. सावळी, क्रूर, लबाड वगैरे. गोष्ट वेगवान आहे आणि अराविस ही मुलगी मस्त आहे, म्हणून गाळू नका. पण मुलांशी बोला. हे पुस्तक कुणी चित्रपटात आणलं तर तिथे खरी कसोटी लागेल.

रातकिडा

या तीन पुस्तकांसाठी कानांचा उपयोग करा. बीबीसी रेडिओने सातही पुस्तकांची श्राव्य नाटकं केली आहेत, रूपांतर ब्रायन सिबली यांचं. दुसरा एक पूर्ण संच फोकस ऑन द फॅमिली या संस्थेच्या रेडिओ थिएटरचा आहे. त्यात निवेदन पॉल स्कोफिल्डचं आणि अस्लानचा आवाज डेव्हिड सुशेचा. ऐकताना मुलांना चित्र स्वतःच काढावं लागतं, म्हणजे तुमची ती धाकधूकही उरत नाही. दोन्हींत मला दुसरा जास्त आवडतो. सुशेचा अस्लान मोठ्याने न बोलताही मोठा वाटतो.

शब्दवेल्हाळ

आता पुढच्या मालिका. वरच्या चर्चेतलं सूत्र धरूनच सांगते, म्हणजे पुस्तकाची चाल बघून रूपांतर निवडायचं.

लेमनी स्निकेटची 'अ सिरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेंट्स' ही तेरा पुस्तकांची मालिका शिकण्यासारखी आहे. २००४च्या चित्रपटात पहिली तीन पुस्तकं कोंबली, आणि जिम कॅरी असूनही ती गुदमरली. नंतर नेटफ्लिक्सच्या मालिकेत (२०१७ ते २०१९) जवळपास प्रत्येक पुस्तकाला दोन भाग मिळाले आणि गोष्ट मोकळी झाली. जादू नाही, पण तुमच्या मुलाच्या वयाला चपखल. काउंट ओलाफ खरोखर दुष्ट आहे, मुलीला सोबत घेऊन बघा.

मिखाएल एंडेंचं 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' मालिका नाही, पण वाचाच. १९८४चा चित्रपट पुस्तकाच्या जेमतेम अर्ध्यावर संपतो. मुलगा कल्पनाविश्व वाचवतो आणि आनंदीआनंद. पुस्तकाचा दुसरा अर्धा भाग तर त्याच मुलाला हवं ते सगळं मिळाल्यावर तो कसा स्वतःला हरवत जातो, याचा आहे. लेखकाला चित्रपट इतका खटकला की आपलं नाव काढून टाका अशी त्यांनी मागणी केली. तरी फाल्कर हा ड्रॅगन आणि दलदलीतला घोडा मुलांना आयुष्यभर लक्षात राहतात. घोड्याच्या प्रसंगाला तुमची मुलगी रडेल, हे आत्ताच सांगते.

फ्रँक बॉमची ओझची पुस्तकं चौदा आहेत. १९३९चा चित्रपट कुणालाही दाखवा. पुस्तकातले चांदीचे बूट रंगीत पडद्यावर उठून दिसावेत म्हणून लाल केले, ही गोष्ट मुलांना आवडते. ओझ स्वप्न ठरवण्याचा चित्रपटाचा शेवट मात्र पुस्तकात नाही, तिथे ओझ खराच देश आहे. आठ वर्षांच्या मुलीला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

डायाना विन जोन्स यांचं 'हाऊल्स मूव्हिंग कॅसल' (१९८६) आणि हायाओ मियाझाकी यांचा २००४चा चित्रपट ही जोडी माझी सर्वांत लाडकी. चित्रपटाने युद्ध मध्यभागी आणलं, कथानकाचा बराच भाग बदलला आणि तरी नायिका सोफी तीच राहिली. पुस्तकाशी प्रामाणिक राहणं म्हणजे प्रत्येक प्रसंग ठेवणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे दोन्ही लागोपाठ घ्यावेत.

अर्सुला ल गुईन यांची 'अर्थसी' वाचा, पण बघायच्या फंदात पडू नका. २००४च्या दूरदर्शन रूपांतरात सावळ्या वर्णाचा नायक गेड गोरा करून टाकला, आणि लेखिकेने त्याविरुद्ध जाहीर लिहिलं. २००६चा घिबली या जपानी स्टुडिओचा चित्रपट दिसायला देखणा आहे, पण वेगवेगळ्या पुस्तकांचे तुकडे जोडलेले कळतात. आपल्या सावलीशी झुंजणाऱ्या मुलाची ती पहिली गोष्ट अकराव्या-बाराव्या वर्षी वाचायला मिळणं हे भाग्य आहे. तेवढं पुरे.

मुशाफिर

फिलिप पुलमन यांची 'हिज डार्क मटेरियल्स' राहिली. २००७चा 'द गोल्डन कंपास' टाळा. पहिल्या पुस्तकाची शेवटची प्रकरणं त्यात नाहीतच, आणि तीच पुस्तकाची जान आहेत. बीबीसी आणि एचबीओची मालिका (२०१९ ते २०२२) मात्र तीन पुस्तकांना तीन सीझन देते आणि शेवटापासून पळत नाही.

पानापानांत

किती भरभरून दिलंत सगळ्यांनी! ठरलं ते असं: 'सिल्व्हर चेअर' वाचून संपलं की टॉम बेकरचे सहा भाग, मग 'हॉर्स' वाचायचं आणि सोबत ते रेडिओ नाटक. 'कॅस्पियन' मुलगा बघणारच आहे, धुकंदाट यांनी पीटरबद्दल लिहिलेलं मी त्याला वाचून दाखवलं.

मुशाफिर, पुलमनची मालिका या वयाला चालेल का? मुलाने नाव ऐकलंय आणि मागे लागलाय.

मुशाफिर

मुलाला चालेल, पण पुस्तक आधी. आणि पहिला सीझन तुम्ही आधी एकट्याने बघा. त्या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात शेजारी चालतो, आणि मुलांना पळवून नेऊन त्यांच्यापासून तो तोडण्याचे प्रयोग चालतात. मालिकेत ते सौम्य केलेलं नाही, करायलाही नको होतं. असा प्रयोग झालेला एक मुलगा नायिका लायराला सापडतो, तो भाग मुलासोबत बसूनच बघा आणि मध्ये थांबवायची तयारी ठेवा. पुढे धर्मसंस्थेवरची टीका तीव्र होत जाते. लुईसनंतर लगेच हे वाचलं तर मुलगा दोघांची तुलना करून प्रश्न विचारेल, कारण पुलमन यांना नार्निया अजिबात आवडत नाही आणि त्यांनी तसं उघड लिहिलंय. तेव्हा 'लास्ट बॅटल' संपवून मगच याला हात घाला. मुलीला आणखी दोन-तीन वर्षं थांबवा, तोवर तिच्यासाठी हाऊल आणि ओझ आहेत.